खिडकीजवळचा पाळणा

"पाळकसाहेब, एसावानं देवाचं असं काय घोडं मारलं होतं?"

मी दृढीकरणाच्या वर्गात उभी राहून विचारलं. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. शेरॉननं बाकाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला, म्हणजे पैज मी जिंकले. माझ्या दुसऱ्या बाजूला तिर्सा बसली होती. ती समोर फळ्याकडं बघत होती, जणू आमची आणि तिची ओळखच नाही.

खरं तर पैज तिर्साचीच होती. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती म्हणाली होती, "तू वक्तृत्वात ढाल आणलीस ना? मग उद्या साहेबांना हे विचार. याच शब्दांत. नाही विचारलंस तर दृढीकरणापर्यंत आमची दोघींची दप्तरं तू वाहायचीस." शेरॉन फक्त हसायला होती. ती कायम हसायलाच असायची.

मी तेव्हा नववीत होते. आठवीपर्यंत माझ्या तोंडातून हजेरीपुरता शब्द निघायचा. मग शाळेनं कोणी मिळेना म्हणून मला तालुक्याच्या स्पर्धेला उभं केलं, मी पहिली आले, आणि तेव्हापासून जो कंठ फुटला तो काही मिटेना. आई म्हणायची, पूर्वी तुला बोल म्हणावं लागायचं, आता श्वास घे म्हणावं लागतं. त्यामुळं पाळकसाहेबांना प्रश्न विचारणं हे माझ्या लेखी काहीच नव्हतं. भीती फक्त त्या घोड्याची होती.

शिरसाठसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "घोडं नसेल मारलं," ते म्हणाले, "त्या काळात उंट असावा."

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी उलट आम्हालाच विचारलं, देवानं याकोबाला निवडलं ते कधी.

"जन्माच्या आधी," तिर्सा म्हणाली. "दोघं जुळे आईच्या पोटात असताना."

"मग पोटात एसावानं काय गुन्हा केला?" मी विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.

"आणि याकोबानं?"

"त्यानंही काही केलं नव्हतं. ना चांगलं, ना वाईट. पुढं तर त्यानं एसावाचं सोंग घेऊन आंधळ्या बापाला, इसहाकाला फसवलं, भावाचा आशीर्वाद लुबाडला. तरी तोच निवडलेला. याला कृपा म्हणतात, तबिथा. कमावलेली असती तर ती मजुरी झाली असती."

मला हे अजिबात पटलं नाही. मी उभीच होते, बसले नाही. म्हटलं, साहेब, निवडायचं म्हणजे काहीतरी बघूनच ना? माझी आई बाजारात वांगी घेते तीसुद्धा देठ बघून घेते. आणि मग मी माझं हुकमी पान टाकलं. "मलाच बघा की."

माझी गोष्ट आमच्या पिंपळदरीच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होती. मिशन कंपाउंडात हॉस्पिटलच्या मागं आशाघर आहे, तिथं टाकलेली, सोडलेली तान्ही बाळं असतात. मी तिथलीच. आई-बाबांना मूल नव्हतं. आईनं एकदा तिथं खिडकीजवळच्या पाळण्यात एक बाळ पाहिलं, बघताक्षणी तिला कळलं की हीच, आणि कागदपत्रं होईपर्यंत तिनं त्या बाळासाठी रोज प्रार्थना केली. मला याची लाज कधीच वाटली नाही. तिसरीत एका पोरानं 'आशाघरवाली' म्हणून चिडवलं तेव्हा मी त्याला सांगितलं होतं, तुझ्या आईबापाला जे पदरात पडलं ते घ्यावं लागलं, मला निवडून आणलंय. तेव्हापासून ते वाक्य मी जपून ठेवलं होतं, आणि कंठ फुटल्यावर तर ऊठसूट वापरत होते.

तेच मी त्या दिवशी साहेबांना ऐकवलं. इतक्या पाळण्यांमधून मला निवडलं, म्हणजे माझ्यात काहीतरी दिसलंच असणार. मग याकोबातही देवाला काहीतरी दिसलं असेल, बायबलात लिहायचं राहून गेलं असेल.

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं न बघता पुस्तकाची पानं उलटली. तिर्सा नखानं बाकाचा रंग खरवडत होती.

"साक्ष लिहून आणायची आहे ना सगळ्यांना," साहेब अखेर म्हणाले. "तू हेच लिही. पण आधी घरी आईला विचार, तिला तुझ्यात काय दिसलं होतं. नीट विचार."

दृढीकरण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आम्ही कडेवर असतो, आमच्या वतीनं आई-बाप 'हो' म्हणतात. मोठं झाल्यावर ते 'हो' आपल्या तोंडानं म्हणायचं, मंडळीपुढं साक्ष द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट सांगायची, मग प्रभुभोजनातल्या भाकरीचा आणि द्राक्षारसाचा आपल्याला वाटा मिळतो. आमच्याकडं हे ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी होतं. मुली पहिल्यांदा पांढरी साडी नेसतात. सगळे वेदीपुढं गुडघे टेकतात, पाळकसाहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि त्यानंतर आमच्या मंडळीची एक जुनी रीत आहे: प्रत्येकाचे वडील पुढं येतात, आपल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवतात आणि नाव घेऊन मोठ्यानं आशीर्वाद देतात.

मला त्या क्षणाची फार ओढ होती. माझे बाबा एस.टी. डेपोत पत्र्याचं काम करायचे. दिवसभर हातोडा चालायचा, म्हणून असेल, घरी ते बोलायचेच नाहीत. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा आई करायची, ते नुसतं आमेन म्हणायचे. या बाबांना त्या रविवारी सगळ्या मंडळीपुढं माझं नाव घेऊन बोलावं लागणार होतं. काय बोलतील, याचा अंदाज बांधत मी झोपायची.

घरी आले तेव्हा आई माझ्या साडीला फॉल लावत बसली होती. साडी तिच्या लग्नातली. तिला वाटायचं ती पिवळी पडलीये, मला वाटायचं ती सायीसारखी दिसते. मी दप्तर टाकलं, तिच्यासमोर मांडी घातली आणि वही उघडली.

"आई, माझ्यात तुला काय दिसलं होतं? साक्षीत लिहायचंय. डोळे म्हटलीस तरी चालेल, पण जरा आध्यात्मिक काहीतरी सांग."

आईनं सुई टोचून ठेवली. "कोणी विचारायला सांगितलं?"

"पाळकसाहेबांनी."

ती बराच वेळ साडीच्या निऱ्या करत राहिली. परत उलगडत राहिली. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक आहे. त्यांना आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. तुला मोठी झाल्यावर सांगायचं ठरलं होतं, पण तू एवढ्या आनंदानं सांगत फिरायचीस की माझी जीभ उचलेना."

मला वाटलं, माझ्या खऱ्या आईबद्दल काहीतरी असेल. तशी माझी तयारी होती. त्यावरही मी एक वाक्य तयार ठेवलं होतं.

"खिडकीजवळच्या पाळण्यात मी जी पाहिली होती ना," आई म्हणाली, "ती तू नव्हतीस."

मग तिनं सांगितलं. तिनं त्या बाळाला पाहिलं ते थंडीत. आशाघराच्या मेट्रनबाईंना म्हणाली, खिडकीजवळची. त्यांनीही तसंच लिहून घेतलं. पण पुढं आशाघराच्या भिंतींना चुना मारायचा निघाला, पाळणे उचलून व्हरांड्यात ठेवले, काम झाल्यावर परत आत नेले. जसे हाताला येतील तसे. मेट्रनबाई तेव्हा रजेवर होत्या. नंतर कागद झाले ते आता खिडकीजवळ आलेल्या बाळाच्या नावानं.

"न्यायला गेलो त्या दिवशी ऊन रणरणत होतं. झळ लागू नये म्हणून तुला पांघरुणात तोंडापर्यंत गुंडाळलेलं. बाबांना दम कुठला. त्यांनी तुला घेतलं, तिथंच पायरीवर, आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांनी, तबी. मोठ्यानं. तबिथा नाव ठेवलं. तिच्यासाठी ठरवलेलं नाव. आमेन झालं आणि मी पांघरूण बाजूला केलं."

"आणि?"

"आणि ती ती नव्हती."

मी वही मिटली. आई सांगत होती की मेट्रनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, काही बिघडलं नाही, हिला इथं ठेवा, कागद नव्यानं करू, महिनाभरानं तुमची तुम्हाला मिळेल.

"मग मी हसले असेन," मी म्हणाले. "तुझ्याकडं बघून."

"नाही गं."

"तुझं बोट धरलं असेल."

"तू झोपली होतीस, तबी. डोक्यात उन्हाळ्याची गळवं होती, नाक वाहत होतं. तू काहीसुद्धा केलं नाहीस."

"मग काय बघून ठेवून घेतलंस मला?"

आईनं माझ्याकडं सरळ पाहिलं. तिचा हा गुण मी नंतर ओळखला, त्या वेळी मला तिचा राग आला. "मी ठेवून घेत नव्हते," ती म्हणाली. "मी म्हणाले, देऊ या परत. मी सगळी थंडी जिच्यासाठी गुडघे टेकले होते ती आत रडत होती, मला तिचा आवाज ओळखू येत होता. बाबा नाही म्हणाले. म्हणाले, हात ठेवून झालाय. म्हटलं, चुकून ठेवलात. तर म्हणाले, इसहाकाचाही याकोबावर चुकूनच पडला होता. त्यानं उचलून घेतला का परत? आणि तुला खांद्यावर टाकून फाटकाकडं चालायला लागले. मी मागून आले. रडत. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी."

"मग?"

"मग काय. घरी आलो आणि तुला भूक लागली."

बाहेर कोणीतरी नळावर भांडी आपटत होतं. मी विचारलं, "आणि ती?"

आईनं दातानं दोरा तोडला. म्हणाली, पुढच्या वर्षी तिलाही आणू असं आम्ही म्हणत होतो. बाबा तेव्हा डेपोत रोजंदारीवर होते. पुढचं वर्ष आलं आणि गेलं. त्याच्या पुढचंही. "तिच्या कानाखाली डाग होता," ती म्हणाली. "चिंचोक्यासारखा."

सातवीत एका कंटाळवाण्या तासाला मी बॉलपेननं त्या डागाला दोन डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं. तिर्सानं ते दिवसभर पुसलं नव्हतं.

मी दोन दिवस बोलले नाही. शेरॉननं विचारलं, टॉन्सिल्स वाढलेत का. आशाघरातल्या मुली मोठ्या झाल्या की मिशनच्या होस्टेलवर राहतात, तिर्साही तिथंच होती; या होस्टेलच्या मुली केस चोपून तेल लावतात, कानामागून घट्ट दोन वेण्या घालतात, लाल रिबिनी बांधतात. त्यामुळं कान झाकला जात नाही. प्रार्थनेच्या रांगेत तिर्सा माझ्या पुढं उभी असायची. मी डोळे मिटत नव्हते.

एवढी वर्षं 'निवडून आणलंय' म्हणून मिरवत होते, आणि निघाले कोण, तर चुन्याच्या कामात उचलाउचलीत हाताला लागलेला पाळणा. रात्री बाबा जेवत असताना मी त्यांचे हात बघायची. पत्र्यानं कापलेल्या जुन्या रेघा, त्यात काळं तेल मुरलेलं. तो हात मला नको झाला होता. माझ्या डोक्यावर तो परत पडणार, सगळ्यांसमोर, आणि बाकावर खाली ती बसलेली असणार. साक्षीच्या वहीत मी एक ओळ लिहिली नव्हती. मग मला वाटलं, यावर उपाय आहे. मी तालुक्यात पहिली आलेली मुलगी. मला उपाय सुचणार नाही तर कोणाला.

बुधवारी संध्याकाळी मी होस्टेलवर गेले. तिर्सा नळावर ताटं घासत होती, तिची पाळी होती. मी शेजारी बसले, राखेत हात घातला आणि धडाधड सगळं सांगून टाकलं. पाळणे, चुना, पायरी, डाग. ती ताट विसळत राहिली. मला वाटलं होतं तिच्या हातातून ताट पडेल.

"चौथीत असताना आशाघरातल्या आयाबाईंनी सांगितलं मला," ती म्हणाली. "केस विंचरताना. त्यांना वाटलं मी झोपलेय."

"चौथीत? आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय? आपण दोघी जागा बदलणार होतो?" तिनं ते ताट पालथं घातलं, दुसरं घेतलं. "तसं बरंच झालं. तबिथा मला शोभलं नसतं."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हणाले, म्हणून तू मला तो प्रश्न विचारायला लावलास. ती म्हणाली, हो. तू रोज सांगायचीस, मला निवडलंय, मला निवडलंय. मला वाटायचं, एकदा हिच्याच तोंडून साहेबांना विचारलं जावं. त्यांचं उत्तर मलाही ऐकायचं होतं.

"मिळालं?"

"अर्धं. याकोबाचं मिळालं."

मग मी माझा उपाय सांगितला. रविवारी तू बाबांपुढं गुडघे टेक, मी होस्टेलच्या रांगेत बसते. तो हात तुझाच होता. मी दहा मिनिटं बोलले असेन, अगदी मुद्द्यांसकट. माझ्या मते ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं.

तिर्सानं नळ बंद केला. "वा," ती म्हणाली. "म्हणजे आता निवडायचं काम तुझ्याकडं आलं. कोणाला द्यायचं, कोणाला नाही."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आणि तू होस्टेलच्या रांगेत बसून काय करणार? सगळे बघतील, म्हणतील, काय पोरगी आहे, किती मोठं मन. तू एसाव व्हायला निघालीस, पण स्नेहसंमेलनातला. सोमवारी परत घरीच जाणार ना?"

मी राखेत बोटानं रेघा ओढल्या. 

ती ओल्या हातांनी रिबीन घट्ट करत बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला तुझं घर नकोय, तबी. खरंच. आधी हवं होतं, सहावीपर्यंत. आता मला तुमच्या घरी करमायचंसुद्धा नाही, तुझी आई म्हणे पाल दिसली तरी प्रार्थना करते." तिनं नळाची तोटी आणखी आवळली. "फक्त तेवढा वेळ. साहेबांचा हात झाला की वडील लोक पुढं येतात ना, तेव्हा आम्हाला उठून बाकावर जावं लागतं. मी दरवर्षी मोठ्या मुलींना बघते. जाऊन बसतात, आणि कुठं बघावं तेच त्यांना कळत नाही. कोणी साडीचा पदर बघतं, कोणी छत. मी ठरवलंय मी पंख्याकडं बघणार."

अंधारायला आलं होतं. आतून वॉर्डनबाई ताटांसाठी हाक मारत होत्या. तिर्सा उठली नाही.

"ती गोष्ट साहेब नेहमी अर्धवट सांगतात," ती म्हणाली. "इसहाकानं आशीर्वाद देऊन टाकला, एसाव आला, उशीर झाला, संपलं. पण एसाव तिथून जात नाही लगेच. तो मोठ्यानं रडतो आणि बापाला विचारतो, बाबा, तुमच्याकडं आशीर्वाद एकच होता का? मलाही द्या ना. मी ते किती वेळा वाचलंय. याकोबाचं काढून घ्या असं तो म्हणत नाही. मलाही द्या म्हणतो."

आम्ही दोघींनी ताटं उचलून आत नेली. परत बाहेर आलो तेव्हा माझं ठरलं होतं. पण या वेळी मी भाषण केलं नाही. मी तिला विचारलं, "तू उठून बाकावर गेली नाहीस तर? माझ्या शेजारीच राहिलीस तर? मी कुठं जाणार नाही. दोघी."

तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिनं वॉर्डनबाईंच्या खोलीकडं पाहिलं, मग चर्चच्या घंटेकडं, मग पायांकडं. म्हणजे तेव्हाही कुठं बघावं ते तिला कळत नव्हतं.

"त्यांना जमेल का ते आधी विचार," ती म्हणाली. "दयेनं करणार असतील तर नको. साहेबांनाही विचार, नाहीतर ते तिथं मला उठ म्हणतील." आणि मी फाटकापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाली, "आणि तुझ्या आईला म्हणावं, खांबामागून बाहेर ये."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या चर्चमध्ये डाव्या बाजूला एक जाडजूड खांब आहे. आई कायम त्याच्या मागं बसायची. तिथून वेदी अर्धीच दिसते. मी विचारलं की म्हणायची, इथं पंखा चांगला लागतो. खांबाच्या पलीकडं होस्टेलचे बाक आहेत.

पाळकसाहेबांकडं मी तशीच गेले, राखेच्या हातांनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रीत मोडणार म्हणून ते अडवतील अशा तयारीनं मी गेले होते, बायबलातले दाखले जुळवून. त्यांनी एकच विचारलं, तिर्सा हो म्हणाली का. मी म्हटलं, आधी बाबांना विचार म्हणाली. मग ते म्हणाले, मग इथं काय करतेस, घरी जा. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. "तबिथा, आईला काय दिसलं होतं ते कळलं का?"

"काही नाही दिसलं," मी म्हणाले. "मी झोपले होते."

"लिही साक्षीत," ते म्हणाले, आणि परत चष्मा पुसायला लागले.

घरी बाबा जेवायला बसले होते. आई भाकरी वाढत होती. साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती. मला बघून आईचा हात थांबला, तिला वाटलं असणार, आता ही भांडणार. मी हात धुतले. बसले नाही, उभीच राहिले. स्पर्धेत उभी राहायची तशी, पाय जुळवून. पण आवाज स्पर्धेतला निघाला नाही, तो माझा मलाच अनोळखी वाटला.

"मी तिर्साकडं जाऊन आले," मी म्हणाले. "तिला चौथीपासून ठाऊक आहे."

आईनं हातातली भाकरी परत टोपल्यात ठेवली. बाबांनी घास ताटात ठेवला.

"मी चुकून आलेली आहे हे मला कळलंय. मी त्याबद्दल रडणार होते, पण आता नाही रडणार. बाबा, तुम्ही हात परत घेतला नाहीत, तो माझा आहे, आणि मी तो कुणाला देणारही नाही. मी रविवारी दृढीकरण घेणार आहे. साक्षीत खरं तेच सांगणार आहे. पाळणे हलले होते तेही."

"तबी," आई म्हणाली.

"आई, माझं बोलून व्हायचंय. तू त्या दिवशी खांबामागं बसायचं नाहीस. पंखा लागो न लागो. तू पलीकडं बसायचं, होस्टेलच्या बाकांशेजारी, आणि तिच्याकडं बघायचं. तिनं निरोप दिलाय, मी मनानं सांगत नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. पण मान हलवली. हो म्हणून.

बाबा माझ्याकडं बघत होते. त्यांचा उजवा हात भाकरीच्या चुऱ्यानं माखलेला, डावा मांडीवर उपडा पडलेला. ते काही बोलतील म्हणून मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते.

"साहेबांचा हात झाल्यावर होस्टेलच्या मुली उठून जातात," मी म्हणाले. "तिर्सा उठणार नाही. ती माझ्या शेजारी गुडघे टेकून राहणार आहे. दया म्हणून करणार असाल तर नको, असं ती म्हणालीये. पण तिचं नाव तुम्ही घ्यायचं. मोठ्यानं, माझं घ्याल तसंच. मी ठरवलंय." आणि मग मला त्यांच्या ताटापाशी खाली बसावंच लागलं. "तुम्हाला हात दोन आहेत, बाबा."